घाट, ब्रेक आणि उष्णतेचा हिशेब

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरमार्गे महाड तालुक्यातील तुडीलला येणारी गाडी सुमारे 1,300 मीटर खाली उतरते. गाडीचे वस्तुमान 1,500 किलोग्रॅम धरून आपण हिशेब करू. कमी होणारी स्थितिज ऊर्जा 1,500 × 9.8 × 1,300, म्हणजे जवळजवळ 1.9 कोटी ज्यूल. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर हिचा बहुतेक भार ब्रेकवर येतो. चारही बिडाच्या डिस्क मिळून 30 किलोग्रॅम मानल्या आणि उष्णता बाहेर गेलीच नाही, तर त्यांचे तापमान सुमारे 1,400 अंश सेल्सिअसने वाढेल. बीड त्याआधीच वितळते! प्रत्यक्षात वारा डिस्कना सतत थंड करत असतो.

स्पोर्ट्स कारसाठी मोठ्या डिस्क घेतात त्या याचसाठी. एका जोरदार ब्रेकने गाडी किती अंतरात थांबेल, याची मर्यादा टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण ठरवते. मोठ्या, आतून हवा खेळणाऱ्या डिस्कचा उपयोग दिसतो तो पुन्हापुन्हा ब्रेक लावताना. शर्यतीचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत. रोजच्या गाडीला आम्ही ते सुचवणार नाही.

त्याहून स्वस्त गोष्ट म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतील बाष्प शोषते. डॉट 4 प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो. ठरावीक प्रमाणात पाणी मुरल्यावर मानक 155 अंशांवर येते. ऑइल उकळले, की पायाचा दाब वाफेचे बुडबुडे दाबण्यातच संपतो आणि पॅडल खाली जाते. तेव्हा आधी ऑइल बदलावे, डिस्कचे मग पाहावे. घाट मात्र खालच्या गिअरमध्येच उतरावा. इंजेक्शनच्या इंजिनात त्या वेळी इंधनही जवळजवळ बंद असते.