वीज केंद्राचे पाणी : कोराडी व खापरखेड्याचा अनुभव

कोळशावर चालणारे वीज केंद्र पाण्यावरही तितकेच अवलंबून असते. बाष्पकात वाफ करण्यासाठी, ती वाफ थंड करण्यासाठी आणि राख वाहून नेण्यासाठी पाणी लागते. नागपूरजवळ कोराडी व खापरखेडा येथे महानिर्मिती कंपनीची मोठी केंद्रे आहेत. त्यांना पेंच प्रकल्पाचे पाणी मिळत आले. पण त्याच पाण्यावर नागपूरकरांची तहान आणि शेतकऱ्यांचे सिंचनही अवलंबून आहे.

या ओढाताणीतून एक चांगला मार्ग निघाला. २००८ साली नागपूर महानगरपालिका व महानिर्मिती यांच्यात करार झाला आणि नाग नदीत जाणाऱ्या सांडपाण्यापैकी मोठ्या भागावर भांडेवाडी येथे प्रक्रिया करून ते कोराडीच्या संचांसाठी वापरण्याचे ठरले. धरणाचे पाणी वाचावे आणि नदीतील घाणही कमी व्हावी, असा हा दुहेरी लाभ होय. पुढे २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले.

केंद्रात येणाऱ्या पाण्याची ही व्यवस्था झाली. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न अधिक बिकट आहे. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण साधारणपणे ३० ते ४५ टक्के असते. ही राख पाण्यात कालवून नळांवाटे तलावात सोडतात. तेथे ती खाली बसते आणि वरचे निवळलेले पाणी पुन्हा केंद्रात घेता येते. मात्र राखेत आर्सेनिक, शिसे, पारा यांसारख्या धातूंचे अंश असतात. तलावाच्या तळाला अस्तर नसेल, तर ते पाझरून विहिरींत उतरू शकतात. नळ फुटला, तर राख थेट नाल्यात जाते.

बांध खचला म्हणजे काय होते, ते जुलै २०२२ मध्ये दिसले. अतिवृष्टीत कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व नदीच्या पात्रात शिरले. कन्हानचे पाणी नागपूर शहरही पिते. पावसाळ्यापूर्वी बांधाची तपासणी आणि निचऱ्याच्या चरांची सफाई ही कामे वरवर किरकोळ वाटतात, पण एवढ्या मोठ्या शहराचे पाणी त्यांच्यावर अवलंबून असते.

तलाव लवकर न भरावा, म्हणून राख कोरडी उचलून सिमेंट, विटा व रस्त्यांसाठी देणे हाच खरा उपाय. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेच्या पूर्ण वापराची जबाबदारी वीज केंद्रांवर टाकली आहे.

उपकेंद्रांतील धोका लहान, पण सारख्याच जातीचा. मोठ्या रोहित्राखाली दगडगोट्यांनी भरलेला खड्डा असतो. रोहित्रातील तेल गळल्यास ते त्यात साठते आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जात नाही.

राख तलावाच्या वरच्या व खालच्या अंगाला निरीक्षण विहिरी असतात. दोन्हींच्या पाण्याचे पृथक्करण शेजारी ठेवून पाहिले, की पाझराचा अंदाज येतो. परिसरातील ग्रामपंचायतींनी हे अहवाल केंद्राकडे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागावेत आणि पावसाळ्याआधी व नंतर गावच्या विहिरींचे नमुनेही तपासून घ्यावेत.