आईने मोडलेला हात

तीन वर्षांचाही न झालेला मुलगा घरात मरून पडलाय. मारणारा त्याचाच बाप, आणि तो थोरल्या मुलीला घेऊन पसार झालाय. अमेरिकी लेखिका एन. के. जेमिसिन यांच्या ‘द फिफ्थ सीझन’ची सुरुवात ही अशी. त्याच दिवसांत तिकडे खंड दुभंगलाय, राख उसळलीय, आणि तिने आणलेला हिवाळा हजारो वर्षं सरणार नाही. एसुन नावाच्या त्या आईला मात्र जगबुडीचं काही पडलेलं नाही. तिला लेक शोधायचीय.

जुजबी माहिती उरकून टाकतो. ‘द फिफ्थ सीझन’ धरून मालिकेत तीन कादंबऱ्या, २०१५ ते २०१७. तिन्हींना ह्यूगो पुरस्कार, तोही सलग तीन वर्षं. असं आधी कुणाच्याच बाबतीत घडलं नव्हतं. झालं.

या जगात भूकंप-ज्वालामुखी पाचवीला पुजलेले. सहा महिन्यांहून लांबलेला राखेचा हिवाळा म्हणजे ‘पाचवा ऋतू’. हे निव्वळ कल्पनेतलं आहे असं वाटत असेल, तर माळशेज घाटात गाडी थांबवून समोरच्या कड्याकडे बघा. कातळाचे आडवे थर दिसतात ना, ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या पुरांचे. पुस्तक वाचल्यापासून मला तो घाट नुसता हिरवागार दिसेनासा झालाय. आणि १९९३ साली विसर्जन आटोपून झोपलेल्या किल्लारीतली भूकंपाची पहाट ज्यांना आठवते, त्यांना जमिनीवर किती भरवसा ठेवावा हे मी काय सांगणार?

एसुन आणि तिची लेक नासुन या ‘ओरोजीन’. जमिनीतली ऊर्जा ओढून त्या धरणीकंप थोपवू शकतात. पण ताबा सुटला की ऊब ओढली जाते ती आसपासच्या जिवांतून, आणि शेजारचा माणूस उभ्या उभ्या गोठून मरतो. म्हणून गावकरी अशा पोरांना ठेचून मारतात, नाहीतर राजधानीतल्या ‘फुलक्रम’ या संस्थेत धाडतात. तिथे त्यांना घडवतात आणि साम्राज्यासाठी राबवतात. भूकंप थोपवणारेही तेच, शिव्या खाणारेही तेच. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांच्या कष्टावर गाव कसं चालतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

आता माझ्या आवडीच्या जागेकडे येतो. ज्यांना कोरं पुस्तक वाचायचंय, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सरळ ओलांडावेत.

एसुनचं लहानपणचं नाव दमाया. शाफा नावाचा रक्षक तिला घोड्यावर पुढ्यात बसवून फुलक्रमकडे नेतो. वाटेत गोष्ट सांगतो, तिचा हात हातात घेतो आणि शांतपणे त्या हाताची हाडं मोडतो. वेदनेतही हिचा ताबा राहतो का, हे त्याला बघायचंय. राहिला नाही तर मारूनच टाकायचं. वर, हे सगळं प्रेमापोटी! पुढे दमायाची एसुन होते, आई होते, लेकीला चोरून शिकवू लागते. शिकवायची एकच रीत तिला ठाऊक आहे. ती नासुनचा हात मोडते.

दुसऱ्या भागात, ‘द ऑबेलिस्क गेट’मध्ये, हीच गोष्ट नासुनच्या बाजूने येते, आणि आपण पुरते हलतो. लेकीच्या हिशेबी आई म्हणजे हात मोडणारी बाई. लाड करणारा तो बाप. त्या बापाबरोबर दक्षिणेला गेल्यावर तिला माया कोण लावतं? तोच शाफा! आईचा हात मोडणाऱ्या माणसातच लेकीला बाप सापडतो. या मालिकेत आभाळात तरंगणारे प्रचंड स्फटिकस्तंभ आहेत, दगड खाणारी माणसं आहेत, हरवलेला चंद्र आहे. पण या मोडक्या हातापुढे मला ते सगळं नेपथ्य वाटतं. डोंगर हलवण्याची ताकद असलेल्या या बाईला लेकीला जवळ घेऊन दोन शब्द बोलता येत नाहीत. तिसऱ्या भागातला पुरातन नगरीचा इतिहास तर मला लांबलेला वाटला. माय-लेकी केव्हा समोरासमोर येतात, याकडेच डोळे लागलेले असतात.

माय-लेकी समोर आल्यावर काय होतं, ते सांगत नाही. सुरुवातीला नावं-गावं डोक्यावरून जातील. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची दिलीय, तिथे बोट ठेवून वाचा. आणि तिन्ही भाग क्रमानेच वाचा. दुसरा आधी हाती लागला, तरी उघडू नका.