रोमानियाला जाऊन ड्रॅक्युलाचा मग आणताय? थांबा, त्याहून भारी वस्तू तिथे मिळतात!

रोमानिया फिरून आलेल्यांच्या फ्रिजवर दात विचकणारा ड्रॅक्युला हमखास दिसतो. ब्रान किल्ल्याच्या पायथ्याशी अशा मॅग्नेट आणि मगचे ढीगच असतात. गंमत म्हणजे 'ड्रॅक्युला' कादंबरी लिहिणारा ब्रॅम स्टोकर आयरिश होता आणि तो रोमानियात कधी गेलाच नव्हता! मग तिथलं अस्सल काय आणायचं?

सगळ्यात आधी 'ईये', म्हणजे रोमानियन बायकांचा भरतकाम केलेला पांढरा ब्लाउज. फ्रेंच चित्रकार मातीस याने १९४० मध्ये यावरच एक प्रसिद्ध चित्र काढलं. पण ईये नुसती 'फुलाफुलांची कुर्ती' नाही बरं का! खांद्यावरच्या गच्च भरतकामाच्या पट्ट्याला 'अल्तित्सा' म्हणतात. त्याखाली बहुतेकदा एकाच फिक्या रंगाचा अरुंद पट्टा असतो आणि मग बाहीवरून खाली उतरणाऱ्या रेघा. या रेघांना तिथे चक्क 'नद्या' म्हणतात. नक्षी आणि रंग प्रांतागणिक बदलतात. २०२२ मध्ये युनेस्कोने या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, रोमानिया आणि मोल्दोव्हा या दोन्ही देशांच्या नावाने.

ईये घेताना एक सोपी युक्ती: कपडा उलटा करून बघा. हाताच्या टाक्यांमध्ये थोडा कमी-जास्तपणा असतो. मशीनचे टाके एकसारखे असतात आणि मागे बऱ्याचदा कागदासारखं अस्तर चिकटलेलं सापडतं. हाताने भरलेली ईये महाग असते, कारण तिच्यामागे कित्येक आठवड्यांची मेहनत असते.

आता थोडं वादाचं. २०१७ मध्ये डिओर या फ्रेंच ब्रँडने एक जॅकेट आणलं, किंमत सुमारे ३० हजार युरो. ते रोमानियाच्या बिहोर भागातल्या पारंपरिक जॅकेटसारखं हुबेहूब होतं, पण बिहोरचं नाव कुठेच नव्हतं. तिथल्या एका फॅशन मासिकाने गप्प न बसता २०१८ मध्ये 'बिहोर कुत्यूर' हा ब्रँडच काढला आणि मूळ कारागिरांची जॅकेट्स सुमारे ५०० युरोंना विकायला ठेवली! २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हा आपण किती चिडलो होतो आठवतंय ना? अगदी तीच गोष्ट.

कपडे नको असतील तर होरेझू गावची मातीची भांडी बघा. २०१२ पासून तीही युनेस्कोच्या यादीत आहेत. परंपरेने माती निवडून ती खणण्याचं काम पुरुषांचं आणि नक्षीचं काम बायकांचं. बैलाच्या पोकळ शिंगातून ओला रंग ताटलीवर सोडतात, मग बारीक तार लावलेल्या काडीने तो ओढतात. रंग एकमेकांत शिरतात आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते. कोंबडा ही तर होरेझूची ओळखच! पण सावध राहा. बल्गेरियात बनलेली स्वस्त भांडी 'होरेझू' म्हणून खपवली जातात, अशा तक्रारी तिथे वारंवार झाल्या आहेत. त्यामुळे शक्य असेल तर थेट कुंभाराच्या घरी जाऊन घ्या. नाहीतर बुखारेस्टमधल्या रोमानियन शेतकरी संग्रहालयाचं दुकान आहेच.

मार्जिनिया गावची काळी भांडीही भन्नाट आहेत. त्यांना काळा रंग लावत नाहीत. भाजताना भट्टीची हवा बंद करतात, त्या धुरानेच माती काळी पडते.

आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे बुकोव्हिनाची रंगीत अंडी. अंड्याला छिद्र पाडून आतलं सगळं काढून घेतात. मग 'कीशित्सा' नावाच्या बारीक हत्याराने गरम मेणाची नक्षी काढून अंडं आधी पिवळ्या, मग लाल, मग काळ्या रंगात बुडवतात. मेण असतं तिथे रंग चढत नाही. शेवटी उष्णता देऊन मेण पुसलं की सगळे रंग एकदम दिसतात. थोडक्यात, अंड्यावरचं बाटिक!

फक्त ही अंडी चेक-इन बॅगेत टाकू नका. कपड्यात गुंडाळून, डबीत घालून हातातल्या बॅगेत ठेवा.