जिकरी चिठ्ठी

शाळा सोडून पेढीवर किंवा कचेरींत जाऊं पाहणारे विद्यार्थी आम्हांकडे शिफारसपत्र मागावयास येतात. त्यांस आम्ही एका जुन्या कागदाची हकीकत सांगत असतों.

हुंडी म्हणजे एका गांवच्या सावकारानें दुसऱ्या गांवच्या पेढीवर लिहिलेली, पैसे देण्याविषयींची चिठ्ठी. दर्शनी हुंडीचे पैसे ती दाखवितांच मिळत, मुदतीचे ठरल्या दिवशीं. परंतु त्या पेढीनें हुंडी सकारलीच नाहीं तर? यासाठीं लिहिणारा कित्येकदां सोबत जिकरी चिठ्ठी देई. ती त्याच गांवांतील दुसऱ्या ओळखीच्या व्यापाऱ्यास असे; हुंडी नाकारली गेल्यास त्यानें ती सकारून आपली अब्रू राखावी, एवढीच विनंती. आणि तो गृहस्थ केवळ स्नेहास्तव स्वतःची रोकड मोजून देई! इ. स. १८८१ च्या कायद्यानेंहि देशी भाषांतील हुंड्यांचे स्थानिक रिवाज अबाधित ठेविले.

ती रक्कम लिहिणारानें तत्काळ पोंचती केली नाहीं, तर त्याची पुढची चिठ्ठी कोण मानणार? आमच्या पत्रावर विसंबून जो नोकरी देतो, तोहि आपली रोकडच मोजीत असतो. गतवर्षीं एका हुषार, परंतु वर्गणीच्या हिशेबांत लबाडी केलेल्या मुलास आम्हीं पत्र नाकारिलें. तो अद्याप आम्हांवर रुष्ट आहे.