मिग-२१चं मॉडेल बनवताय? डबीवर ‘सिल्व्हर’ लिहिलंय म्हणून रंग घेऊ नका. आधी हे समजून घ्या

भारतीय हवाई दलातून मिग-२१ विमानं २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाली. नाशिकजवळच्या ओझर इथल्या एचएएलच्या कारखान्यात या विमानांची बांधणी होत असे. सुरुवातीच्या काळात ती चंदेरी दिसायची. १९७१च्या युद्धाच्या सुमारास अनेकांवर कॅमोफ्लाजचे पट्टे चढले. तेच चंदेरी रूप स्केल मॉडेलवर आणणं मात्र सर्वांत अवघड मानलं जातं. असं का?

अडचण कुठे येते?

१/७२ स्केलमध्ये मिग-२१ जेमतेम २० सेंटिमीटरचं होतं. या मापात मॉडेलवरचा ०.१ मिलिमीटरचा ओरखडा खऱ्या विमानावर सात मिलिमीटरच्या खाचेसारखा दिसतो. मेटॅलिक रंगात धातूसारखे चमकणारे बारीक कण असतात. हे कण जाडे असतील, तर विमानावर चमकी शिंपडल्यासारखं वाटतं. म्हणून कण जितके बारीक, तितका रंग खऱ्या धातूच्या जवळ जातो.

कोणता रंग कोणासाठी?

- लॅकर (उदा. अल्क्लॅड): सर्वाधिक चमक, लवकर वाळतो, मास्किंग टेपने सहसा निघत नाही. पण एअरब्रश हवाच आणि वासही उग्र.
- ॲक्रिलिक (उदा. व्हॅलेहो मेटल कलर): पाण्यावर आधारित, वास कमी, घरात वापरायला सोयीचा. टेप लावताना मात्र जपावं लागतं.
- स्प्रे कॅन (उदा. तामियाचा एएस-१२): एअरब्रश नसलेल्यांसाठी चांगला पर्याय. एकच जाड थर मारू नका, दोन-तीन हलके थर द्या.

खाली काळा रंग कशाला?

आरशासारखी चमक देणाऱ्या मेटॅलिक रंगाचा थर अगदी पातळ असतो. त्यातून आरपार गेलेला प्रकाश खालचा चकचकीत काळा थर शोषून घेतो. डोळ्यांपर्यंत फक्त कणांवरून परावर्तित झालेला प्रकाश येतो आणि पृष्ठभाग धातूचा भासतो. साध्या ॲल्युमिनियम छटेसाठी करडा प्रायमर पुरतो. दोन्ही वेळा प्लास्टिक बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून घ्या. मेटॅलिक रंग दोष झाकत नाही, उलट उठून दाखवतो.

सगळं विमान एकाच रंगात?

नाही. इंजिनाच्या नळीजवळचा धातू उष्णतेने निळसर-तपकिरी पडतो. मिग-२१च्या नाकाचा शंकू आणि शेपटीच्या पंखाचं टोक हिरवं असायचं, कारण तो भाग धातूचा नव्हता. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पी-५१ मस्टँगचं उदाहरण आणखी बोलकं आहे. हवा सुरळीत वाहावी म्हणून त्याच्या पंखांचे सांधे कारखान्यातच लांबी भरून बुजवले जात आणि वर चंदेरी रंग दिला जाई. मुख्य धड मात्र उघड्या धातूचं असे. त्यामुळे मस्टँगच्या मॉडेलवर धड चकचकीत आणि पंख थोडे मंद, हेच बरोबर ठरतं.

म्हणून आधी ज्या विमानाचं मॉडेल करायचंय, त्याच वर्षाचे आणि शक्यतो त्याच क्रमांकाचे फोटो पाहा. रंगाची निवड त्यानंतर.

या चुका टाळा

- रंगावर लगेच वॉर्निश मारू नका. बऱ्याच वॉर्निशने धातूची चमक मंदावते.
- नवा रंग थेट मॉडेलवर वापरू नका. आधी प्लास्टिकच्या चमच्यावर चाचणी घ्या.
- टेप लावण्याआधी तिचा चिकटपणा तळहातावर चिकटवून कमी करा.
- लॅकर मारताना खिडकी उघडी ठेवा आणि वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क घाला. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. जवळ गॅस किंवा देवघरातला दिवाही पेटलेला नको.

थोडक्यात काय?

पहिलंच मॉडेल असेल तर ॲक्रिलिक किंवा स्प्रे कॅन घ्या, हात बसला की लॅकरकडे वळा. आणि सगळ्यात चकचकीत रंग म्हणजे सगळ्यात खरा रंग, असं समजू नका. वर्षानुवर्षं उन्हा-पावसात उडणारं लढाऊ विमान स्टीलच्या नव्या ताटासारखं लखलखत नसतं.