खुनाला अब्रूचे नाव नको

काही शब्दांच्या जोड्या उलट्या असतात. 'जिवंत मरण' म्हणा, 'गोड विष' म्हणा. अर्थ आपल्याला कळतो. त्यात कोणाचे नुकसान नाही.

पण 'अब्रूसाठी खून' ही जोडी तशी नाही. अब्रू म्हणजे चार लोकांत असलेला मान. तो चांगल्या वागण्याने मिळतो. खून हा तर गुन्हा. गुन्ह्याने मान कसा राहील?

मुलीने दुसऱ्या जातीत लग्न केले, म्हणून कुठे कुठे घरचेच तिचा जीव घेतात. वर म्हणतात, "घराण्याची अब्रू राखली." पोटची पोर गेली. बाप-भाऊ तुरुंगात गेले. मग राखले ते काय?

सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले, की अशा खुनात मानाचे काहीच नाही. ते लाजिरवाणे कृत्य आहे. २०१८ साली न्यायालयाने आणखी सांगितले, की सज्ञान मुलगा-मुलगी लग्नाला राजी असतील, तर घरच्यांची किंवा जातीची संमती लागत नाही.

राग येईल, बोलणे बंद होईल. पण पोर जिवंत असली, तर उद्या पुन्हा माहेरी येईल. म्हणून कोणी 'अब्रूसाठी खून' म्हणाले, तर आपण नुसते 'खून' म्हणावे.