हवापालट आणि कामाची जागा

नोकराच्या प्रकृतीवर केलेला खर्च मालकाच्याही हिताचा असतो, हा विचार महाबळेश्वरच्या पठारावर आजच्या कंपन्यांच्या बराच आधी पोहोचला होता. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ मध्ये तेथे आरोग्यधाम, म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाने थंड हवेत राहून पुन्हा कामाजोगे व्हावे यासाठीची वसाहत, वसवण्यास प्रारंभ केला आणि त्यासाठी सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून १८२९ मध्ये ही जागा घेऊन ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने तिच्या बदल्यात खंडाळा हे गाव दिले. यामागे भूतदयेपेक्षा हिशेब अधिक होता. तापाने खंगलेल्या अधिकाऱ्याला जहाजाने दक्षिण आफ्रिकेतील केपला किंवा विलायतेला धाडले तर महिनेच्या महिने वाया जात, तर सुमारे १,३७० मीटर उंचीचे हे पठार मुंबई इलाख्यातच होते. या सोयीचा लाभ मात्र मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांपुरता राहिला, आणि त्यांच्यासाठी बटाटे व भाजीपाला पिकवणाऱ्यांत तेथील तुरुंगातले चिनी कैदीही होते. शिवाय हवापालट करून उतरलेला अधिकारी पुन्हा त्याच दमट हवेत त्याच कामावर रुजू होई, म्हणजे माणूस दुरुस्त होई आणि कामाची परिस्थिती तशीच राही.

याच्या उलट दिशेचा प्रयोग आजच्या सांगली जिल्ह्यात, तेव्हाच्या औंध संस्थानात झाला. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आपला कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर हलवला, तेव्हा लोहार, सुतार आणि ओतकाम करणारे कारागीर तेथे टिकवायचे तर घरे, पाणी आणि मुलांची शाळा यांची व्यवस्था कारखान्यानेच करणे भाग होते. या वस्तीची, म्हणजे किर्लोस्करवाडीची, व्यवस्था लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा पाहत. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक येथूनच सुरू केले, आणि वस्तीला स्वतःचे बौद्धिक जीवनही लाभले. संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते होते, आणि त्यांनी संस्थानातील शाळांतून या व्यायामाचा प्रसार केला. तरीही ओतशाळेतील धूळ कितीही नमस्कार घातले तरी फुप्फुसात जायची थांबत नाही. तिच्यासाठी वायुवीजन, म्हणजे दूषित हवा बाहेर काढण्याची सोय, आणि कामाचे मर्यादित तासच लागतात.

माणूस दुरुस्त करणे आणि कामाची परिस्थिती सुधारणे यांतील हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे आजच्या ‘वेलनेस’ कार्यक्रमांविषयी, म्हणजे मालकाच्या खर्चाने चालणाऱ्या आरोग्य तपासणी, योगवर्ग, आहारसल्ला, समुपदेशन अशा उपक्रमांविषयी, अवास्तव दावे केले जातात. असे उपक्रम निरुपयोगी नाहीत, कारण वेळीच सापडलेला रक्तदाब किंवा मधुमेह कर्मचाऱ्याला मोठ्या आजारापासून आणि मालकाला अनुभवी माणूस गमावण्यापासून वाचवू शकतो, तसेच माणूस हजर असूनही आजारामुळे त्याचे काम होत नाही, हे हजेरीपटावर न दिसणारे नुकसानही घटू शकते. परंतु अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांची सोडतीने विभागणी करून केलेल्या अभ्यासात असे आढळले की, कार्यक्रमात येणारे मुळातच अधिक निरोगी होते आणि कार्यक्रमामुळे त्यांच्या वैद्यकीय खर्चात लक्षणीय बचत झाली नाही. अमेरिकेतीलच एका मोठ्या दुकानसाखळीवरील, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीड वर्षानंतर लोकांच्या सांगण्यानुसार व्यायामाच्या सवयी सुधारल्या होत्या, पण रक्तदाब, साखर, गैरहजेरी यांत ठळक फरक पडला नव्हता. थोडक्यात, ज्याला गरज कमी तो आधी पुढे येतो आणि दोन पाळ्यांत पिचलेला माणूस योगवर्गाला फिरकत नाही.

भारतात कामगारांच्या आरोग्याची जड बाजू कायद्याने उचलली आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली, तर त्याच वर्षीच्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने मालक व कामगार या दोघांच्या वर्गणीतून उपचार आणि आजारपणातील वेतनाचा काही भाग देण्याची सोय केली. अशा तरतुदी कामगारसंख्येच्या अटींनी बांधलेल्या असल्याने सातारा-सांगलीतील छोटे ढाबे, लॉज आणि हंगामी मजूर बहुधा त्यांच्या बाहेर राहतात, आणि तेथे मालकाला सर्वांत कमी खर्चात करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे ऐन हंगामातही पाळीपाळीने आठवड्याची सुट्टी देणे आणि रात्रपाळीच्या माणसाला झोपायला धड जागा देणे.